शिष्यवृत्तीचा करार ते निवासाचा परवाना : परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वास्तव्याचा इतिहास

प्रस्तावना

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेल्या गाडीला बाजवा हे जवळचेच स्टेशन लागते. एका बाजूला खत कारखान्याची वसाहत, दुसरीकडे कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची वस्ती आणि मध्ये गुजराती, मराठी, उर्दू, हिंदी अशा सर्व भाषा बोलणारी कामगार व नोकरदार कुटुंबे असा हा परिसर आहे. एका पिढीपूर्वी या कुटुंबांतील मुलगा आखाती देशात नोकरीला गेला तर गावभर बातमी होत असे. आज त्याच घरांतील मुले-मुली कॅनडा, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथे पदवी व पदव्युत्तर शिक्षणासाठी जातात. महाविद्यालयात शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायला येणारा विद्यार्थी प्रवेशाबद्दल पुष्कळ विचारतो. तेथे राहण्याचा परवाना कोणत्या अटींवर मिळतो, तो कोणाच्या शब्दावर टिकतो आणि कशाने रद्द होतो, हे मात्र तो क्वचितच विचारतो.

आखाताशी संबंध असलेल्या प्रत्येक घराला ‘कफील’ हा शब्द माहीत आहे. कफील म्हणजे ज्याच्या हमीवर परक्या देशात राहता येते तो. कफीलने हात काढून घेतला की राहण्याचा हक्कही संपतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, परदेशी विद्यार्थ्याच्या वास्तव्याचा इतिहास हा देखील मुख्यतः कफील बदलत गेल्याचा इतिहास आहे. आरंभी हा हमीदार म्हणजे वडील, संस्थानिक किंवा शिष्यवृत्ती देणारे सरकार होते. आज ही जागा शिक्षणसंस्थेने घेतली आहे. हा बदल केव्हा व कसा झाला, हे बडोद्याच्या उदाहरणापासून पाहू.

परवान्याविना शिक्षण

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून विलायतेस जाणाऱ्या विद्यार्थ्यापुढील अडचणी म्हणजे पैसा, समुद्रप्रवास, खाणेपिणे आणि जातिबिरादरीचा विरोध. राहण्याच्या परवान्याचा प्रश्न नव्हता. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये लहान वयातच इंग्लंडला गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर म्हणून परतले. त्यांचे पुतणे अब्बास तय्यबजी यांचा जन्म बडोदे संस्थानातला. तेही इंग्लंडमध्ये सुमारे अकरा वर्षे राहून शिकले व पुढे बडोदे संस्थानच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. या अकरा वर्षांत त्यांना कोणत्याही परकीय नोंदणी कचेरीत हजेरी लावावी लागली नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. त्यांनाही व्हिसा लागला नाही. अतिया फैजी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी लंडनला गेल्या. त्यांची रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली व १९२१ मध्ये ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपाने आली. आजच्या विद्यार्थिनीने रोजनिशी लिहिली तर तिची पहिली पाने व्हिसा, बँक खाते व नोंदणी यांनीच भरतील.

या मोकळिकीचे कारण उदारता एवढेच नव्हते. ब्रिटिश हिंदुस्थानातील माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता, म्हणून ब्रिटनमध्ये तो ‘परकीय’ ठरत नसे. संस्थानी प्रजेला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ असा वेगळा दर्जा होता. अमेरिकेत व युरोपातील बहुतेक देशांत पहिल्या महायुद्धापूर्वी सामान्य प्रवाशाला व्हिसा लागत नसे. अपवाद होता चिनी लोकांचा. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला, पण विद्यार्थी, शिक्षक, व्यापारी यांना त्यातून वगळले. मात्र आपण मजूर नसून विद्यार्थी आहोत, असे आपल्या सरकारचे प्रमाणपत्र चिनी विद्यार्थ्याला दाखवावे लागे. विद्यार्थी खरा की नाही हे तिसऱ्याने लिहून द्यावे, या पद्धतीचे हे एक जुने उदाहरण आहे.

बडोद्याचा करार

सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत हुशार तरुणांना परदेशी पाठवण्याचे धोरण बडोद्याने सातत्याने राबवले. त्यातील सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे मिळावयाची होती आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

हा करार आजच्या निवास परवान्याच्या शेजारी ठेवून वाचला तर साम्य लगेच दिसते. अभ्यासाचा विषय, खर्चाची तरतूद, ठराविक मुदत आणि मुदतीनंतर परत येण्याचे बंधन या चारही गोष्टी त्यात आहेत. फरक एवढाच की या अटी अमेरिकेने घातलेल्या नव्हत्या, त्या बडोद्याने घातल्या होत्या. यजमान देशाने दार उघडे ठेवले होते आणि दोरी घरच्या हमीदाराच्या हातात होती.

ती दोरी किती आखूड होती हे १९१७ मध्ये कळले. आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने प्रबंध अपुरा टाकून त्यांना परतावे लागले. ब्रिटनने त्यांना घालवले नव्हते. उलट लंडन विद्यापीठाने ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीला आले. येथे त्यांना जातीमुळे राहायला घर मिळाले नाही. पारशी वसतिगृहातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले व नोकरी सोडून मुंबईस जावे लागले. ज्या शहराच्या पैशावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये निर्वेध वास्तव्य केले, त्याच शहरात त्यांना निवास मिळाला नाही. परवान्याचा कागद आणि प्रत्यक्ष आसरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून, पैसे साठवून व शाहू महाराजांच्या साहाय्याने ते १९२० मध्ये लंडनला परतले, म्हणजे विद्यापीठाने दिलेली मुदत संपण्याच्या आत. एम. एस्सी. १९२१ मध्ये व डी. एस्सी. १९२३ मध्ये पूर्ण झाली. मुदतीची ती ओळ विद्यापीठाने लिहून दिली नसती तर या पदव्यांचा मार्ग आणखी कठीण झाला असता.

याच बडोद्याची आणखी एक बाजू आहे. विद्यार्थ्याला परवाना लागत नव्हता, पण राजाला लागत होता. लॉर्ड कर्झन याने १९०० मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार संस्थानिकांना परदेशी जाण्यापूर्वी हिंदुस्थान सरकारची संमती घेणे भाग पडले. सयाजीरावांचे वारंवार होणारे युरोपप्रवास हे त्यामागचे एक निमित्त मानले जाते. प्रवासावरील नियंत्रण त्या काळी व्यक्तीच्या राजकीय महत्त्वाप्रमाणे चालत असे.

लंडनमधील शैक्षणिक सल्लागार

कायद्याने मोकळीक असली तरी हिंदी विद्यार्थ्यावर नजर ठेवण्याची व्यवस्था १९०९ पासून सुरू झाली. त्या वर्षी जुलैमध्ये मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली याची हत्या केली. हिंदी विद्यार्थ्यांबाबत सरकारची चिंता त्याआधीच सुरू झाली होती व १९०७ मध्ये समितीही नेमली गेली होती. तिच्या शिफारशींनुसार १९०९ मध्ये हिंदी विद्यार्थ्यांसाठी माहिती कचेरी उघडण्यात आली आणि शैक्षणिक सल्लागार म्हणून टॉमस आर्नोल्ड यांची नेमणूक झाली. उर्दूच्या अभ्यासकांना हे नाव परके नाही. अलीगढला दहा वर्षे शिकवणारे, नंतर लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात इक्बालांचे गुरू असलेले हेच आर्नोल्ड.

कचेरीचे घोषित काम मदतीचे होते, म्हणजे प्रवेशाची माहिती देणे, राहण्याची सोय सुचवणे व पालकांशी पत्रव्यवहार करणे. परंतु विद्यार्थ्याच्या वर्तनाबद्दल व पार्श्वभूमीबद्दल दाखले देण्याचेही काम तिच्याकडे आले. त्यामुळे अनेक विद्यार्थी तिच्याकडे संशयाने पाहू लागले. एकच माणूस मार्गदर्शक आणि माहितीदार असू शकतो का, हा प्रश्न तेव्हा उपस्थित झाला. आज जगातील प्रत्येक विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षापुढे तोच प्रश्न आहे.

१९२४ : शिक्षणसंस्था हमीदार होते

पहिल्या महायुद्धाने पासपोर्ट व व्हिसा रूढ केले. हिंदुस्थानात प्रवेशासाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदा १९२० मध्ये झाला. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना बंदी केली, पण विद्यार्थ्यांना त्यातून सूट ठेवली. ही सूट कोणाला द्यायची हे ठरवण्याची यंत्रणा १९२४ च्या कायद्याने उभी केली. त्यात विद्यार्थ्याची व्याख्या अशी : वय किमान पंधरा वर्षे, येण्याचा उद्देश केवळ शिक्षण, आणि प्रवेश आधीच नाव सांगितलेल्या व सरकारने मान्य केलेल्या संस्थेत. मान्यता मिळवताना संस्थेने एक गोष्ट कबूल करायची होती. परदेशी विद्यार्थ्याने वर्गात येणे थांबवले की तसे सरकारला कळवायचे.

परवान्याच्या इतिहासातील हा निर्णायक टप्पा होय. यापूर्वी हमीदार घरचा होता, आता तो यजमान देशातला झाला. परवाना माणसाला न मिळता त्याच्या विशिष्ट संस्थेतील विशिष्ट अभ्यासक्रमाला मिळू लागला. संस्था बदलली, हजेरी तुटली किंवा मान्यता गेली की वास्तव्याचा पाया ढासळतो. आज अमेरिकेत संस्था देते ते ‘आय-२०’ पत्र आणि २००३ पासून सुरू असलेली ‘सेव्हिस’ ही संगणकीय नोंद म्हणजे १९२४ च्या त्याच अटीचे नवे रूप आहे. अभ्यासक्रम चालू असेपर्यंत राहू देण्याच्या अमेरिकन पद्धतीऐवजी ठराविक मुदत घालावी, असा प्रस्तावही तेथील सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडला.

ब्रिटनमधील बदल

ब्रिटनने हिंदी विद्यार्थ्यासाठी दार उघडे ठेवले ते १९६२ पर्यंत. त्या वर्षीच्या राष्ट्रकुल स्थलांतर कायद्याने भारत, पाकिस्तान व इतर राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांवर प्रथमच सर्वसाधारण नियंत्रण आले. विद्यार्थ्याला प्रवेश मिळे, पण संस्थेने जागा दिल्याचा व खर्चाची तरतूद असल्याचा पुरावा हवा होता. १९७१ च्या कायद्याने मुदत व नोकरीवरील बंधने यांची चौकट पक्की केली. २००९ पासून संस्थेला विद्यार्थी आणण्यासाठी सरकारचा परवाना घ्यावा लागतो आणि गैरहजेरी कळवावी लागते. तेथील कायद्याच्या भाषेत आता संस्थेलाच ‘प्रायोजक’ म्हणतात. कफील या शब्दाचा याहून जवळचा पर्याय शोधूनही सापडणार नाही.

नियम किती लवकर बदलतात हेही ब्रिटनवरून दिसते. पदवीनंतर काम करण्याची सवलत २०१२ मध्ये बंद झाली, २०२१ मध्ये दोन वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरले. जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना जाणारा विद्यार्थी, संशोधन पदवी वगळता, पती, पत्नी वा मुलांना सोबत नेऊ शकत नाही. निवासाचे प्लास्टिक कार्डही २०२४ च्या अखेरीस संपले व परवाना केवळ संगणकीय नोंदीत राहिला.

जर्मनीची रीत थोडी वेगळी आहे. १९२० च्या दशकात झाकिर हुसेन, आबिद हुसेन, मोहम्मद मुजीब यांच्यासारख्यांनी बर्लिनमध्ये शिक्षण घेतले व परतून जामिया मिल्लियाला आयुष्य वाहिले. आज तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने आधी प्रवेशाचा व्हिसा घ्यायचा, पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची आणि मग परकीय नागरिक कार्यालयातून निवास परवाना घ्यायचा असतो. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो बंद खात्यात ठेवल्याचा पुरावा सर्वसाधारणपणे मागितला जातो. येथे खात्यातील रक्कम हा देखील एक जामीनच असतो.

चूक संस्थेची, शिक्षा विद्यार्थ्याला

हमीदारावर सर्व अवलंबून असण्याचा धोका तीन घटनांतून समजतो. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठ बंद पाडण्यात आले. तेथे हजाराहून अधिक विद्यार्थी होते व त्यांत बहुसंख्य भारतीय, विशेषतः आंध्र प्रदेशातील होते. काहींच्या पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधण्यात आले आणि भारत सरकारला निषेध नोंदवावा लागला. ऑगस्ट २०१२ मध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा प्रायोजक परवाना रद्द झाला व दोन हजारांहून अधिक परदेशी विद्यार्थ्यांचे वास्तव्य एका रात्रीत धोक्यात आले. तेथे शिकत असलेल्या प्रामाणिक विद्यार्थ्यांना न्यायालयाकडून तात्पुरता दिलासा मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठाच्या प्रकरणात १३० विद्यार्थी अटकेत गेले. त्यांतील १२९ भारतीय होते. हे विद्यापीठ अमेरिकन सरकारच्याच गुप्त अधिकाऱ्यांनी उभे केलेले होते, तेथे वर्ग भरतच नव्हते.

या विद्यार्थ्यांपैकी काहींना आपण काय करतो आहोत याची कल्पना असेल, काही निव्वळ दलालाच्या शब्दावर गेले असतील. परंतु कायद्याच्या नजरेत दोघांची जागा जवळजवळ एकच होती. जमीन गहाण ठेवून वा कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या कुटुंबाला हा फरक समजावून सांगणारे कोणी नसते. येथेच शिक्षकाचे काम सुरू होते.

आपल्या देशातील परकीय विद्यार्थी

आपणही यजमान आहोत, हे विसरून चालणार नाही. मौलाना आझाद यांनी १९५० मध्ये स्थापन केलेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आशिया व आफ्रिकेतील असंख्य विद्यार्थी भारतात शिकले. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातही परदेशी विद्यार्थी शिकत आले आहेत.

त्यांच्यासाठी येथील नियम प्रथम १९३९ च्या परकीय नोंदणी कायद्याने व १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याने ठरले. दोन्ही कायदे युद्धकाळाच्या छायेतील होते, तरीही ते स्वतंत्र भारतात दीर्घकाळ चालले. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करून निवास परवाना घ्यावा, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांची जागा ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५’ या कायद्याने घेतली. परकीय विद्यार्थ्यांची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याचे बंधन या कायद्यातच विद्यापीठे व शिक्षणसंस्थांवर घातले आहे. अमेरिकेने १९२४ मध्ये संस्थेला जी जबाबदारी दिली, ती अशा प्रकारे आपल्या महाविद्यालयांच्या कचेरीपर्यंत पोहोचली आहे.

शिक्षकांनी करण्याजोगे

या इतिहासातून शिक्षकांसाठी काही व्यावहारिक गोष्टी निघतात. विद्यार्थ्याने संस्थेचे नाव सांगितले की त्या देशाच्या सरकारी यादीत ती आज मान्य आहे का, हे त्याच्यासमोर बसून पाहावे. दलालाने दिलेले प्रवेशपत्र थेट संस्थेला पत्र लिहून पडताळावे. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा काही विद्यार्थ्यांना शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर ते कळले. पुढे तेथील सरकारने प्रत्येक प्रवेशपत्र संस्थेकडून पडताळून घेण्यास सुरुवात केली.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या समाजात एकच नाव शाळेच्या दाखल्यावर शेख, आधार कार्डावर शैख, पासपोर्टवर वेगळ्याच इंग्रजी अक्षरांत असते. काहींच्या पासपोर्टवर एकच शब्द असतो आणि मग अमेरिकन व्हिसावर पहिले नाव अज्ञात अशी नोंद होते. पुढे बँक, विद्यापीठ व परवाना यांत हे नाव जुळत नाही. यावरचा उपाय परदेशी कचेरीत नसून आपल्या शाळेच्या नोंदवहीत आहे. आठवी-नववीतच नाव एकसारखे करून घेतले तर पुढची वर्षे सुखाची जातात.

तिसरी गोष्ट अशी की परवान्यावरील चार गोष्टी विद्यार्थ्याला स्वतः वाचता आल्या पाहिजेत : कोणती संस्था, कोणत्या तारखेपर्यंत, किती तास काम, आणि अभ्यास संपल्यावर किती दिवस. या चार ओळी तो वाचू शकला नाही तर त्याच्या शिफारसपत्रावर सही करण्यापूर्वी आपण त्याला त्या वाचायला शिकवावे.

समारोप

१९१३ च्या करारात बडोद्याने एका विद्यार्थ्यावर विश्वास टाकला आणि त्याबदली त्याच्याकडून सेवेची हमी घेतली. आज तो विश्वास व ती हमी सरकार आणि विद्यापीठ यांच्यामध्ये वाटली गेली आहे आणि विद्यार्थी दोघांच्या नोंदींत अडकलेला आहे. अटी कडक झाल्या म्हणून परदेशी शिक्षणाचे महत्त्व कमी होत नाही. पण ज्याच्या शब्दावर आपण परक्या देशात राहणार आहोत त्याला ओळखून घेणे अधिक गरजेचे झाले आहे. बाहेर जाणाऱ्या आपल्या मुलांना ही ओळख करून देणे हे आपले काम आहे. येमेन, अफगाणिस्तान किंवा आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी आपल्या वर्गात बसला असेल, तर आता त्याचे कफील आपण आहोत. त्याची गैरहजेरी कळवणे कायद्याने आपल्यावर आले तरी त्याआधी त्याच्या खोलीवर जाऊन तो आजारी आहे का, हे पाहणे कोणत्याही कायद्याने मना केलेले नाही.